जुन्या घराचा शिशाचा रंग उतरवण्याआधी घराची आणि माणसांची तयारी कशी करावी?

ओटीवरून (१४ नोव्हेंबर, रात्री ९:१०)

नमस्कार. आमचे घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. चिऱ्याचे बांधकाम, वर मंगलोरी कौले, पुढे ओटी आणि पडवी, मागे न्हाणी, विहीर आणि नारळ-पोफळीचे आगर अशी आपल्याकडची नेहमीची रचना आहे. पडवीला लाकडी कठडा आणि ओटीला चार मोठ्या खिडक्या आहेत. वडिलांच्या वेळेपासून दर दोन-तीन वर्षांनी, गणपतीच्या आधी, या सगळ्या लाकडावर ऑइलपेंटचा एक हात चढत आला. खाऱ्या हवेत लाकूड टिकवायचे तर थरावर थर हवाच, अशी आमची समजूत होती आणि खालचा रंग कोणता आहे, याची चौकशी कोणी केली नाही.

या गणपतीत पुतण्याची दोन वर्षांची मुलगी दहा दिवस घरी होती. कठड्याच्या वरच्या पट्टीवर तिने दात उमटवले. तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या खुणांमध्ये वरच्या हिरव्याखाली निळा, निळ्याखाली पिवळा आणि अगदी लाकडालगत शेंदरी रंग दिसत होता. मुंबईला परतल्यावर पुतण्याने ही गोष्ट बालरोगतज्ज्ञांच्या कानावर घातली, तेव्हा त्यांनी मुलीच्या रक्तातील शिसे तपासायला सांगितले. ते ९.४ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर निघाले. मग आम्ही कठड्याचा, सगळे थर येतील असा, एक तुकडा प्रयोगशाळेत पाठवला. त्यात दशलक्ष भागांत ११,००० भाग शिसे आढळले. आज विकल्या जाणाऱ्या घरगुती रंगाला आपल्या देशात ९० भागांची मर्यादा आहे.

आमची खरी चूक झाली ती यानंतर. अहवाल वाचून जीव घाबरा झाला आणि आम्ही दुसऱ्याच दिवशी रंगारी बोलावला. त्याने नेहमीच्या पद्धतीने ब्लोलॅम्प लावून दोन खिडक्या जाळून खरवडल्या आणि वरून कोरड्या पॉलिशपेपरने घासून घेतल्या. पापुद्रे खळ्यात उडाले, ते केरसुणीने झाडून काढले. चौकटीचे कुजलेले तुकडे न्हाणीच्या चुलीत पाणी तापवायला गेले आणि ती राख अर्धी भांडी घासायला, अर्धी माडाच्या आळ्यात पडली. चार दिवसांनी पुतण्याने फोनवर हे ऐकले आणि काम थांबवायला सांगितले. तेव्हापासून सगळे जसेच्या तसे आहे.

काम जानेवारीत पुन्हा सुरू करायचे आहे. घरात मी, पत्नी आणि ८४ वर्षांची आई आहे, आणि मे महिन्यात मुले येतील त्यापूर्वी सर्व आटोपलेले असावे, अशी इच्छा आहे. रंग कसा खरवडायचा यापेक्षा खरवडण्याआधी काय काय करून ठेवायचे, हे मला समजून घ्यायचे आहे. ज्यांनी असे काम केले आहे किंवा ज्यांना त्यातले कळते, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

खारेवारे (१४ नोव्हेंबर, रात्री ११:४५)

काम थांबवलेत हे फार बरे केलेत. मी बांधकाम क्षेत्रात आहे आणि जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामे दापोलीपासून राजापूरपर्यंत केली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की अशा कामात खरवडणे दोन दिवसांचे असते आणि तयारी आठ दिवसांची. हा हिशेब उलटा झाला की घर आधीपेक्षा अधिक धोकादायक होते. धड चिकटून बसलेला रंग फारसा त्रास देत नाही. त्याची धूळ झाली की ती हातावाटे, तोंडावाटे आणि श्वासावाटे पोटात जाते.

म्हणून पहिला प्रश्न हा की सगळा रंग काढायचा आहे का. वाशांवरचा, आढ्यावरचा, हाताला न लागणारा आणि न सुटलेला रंग तसाच राहू द्यावा. जिथे लाकडावर लाकूड घासते आणि जिथे मुलांचे हात किंवा तोंड पोहोचते, ती ठिकाणे आधी घ्यावीत. आपल्याकडे पावसाळ्यात दारे फुगतात हे तुम्ही जाणताच. तुमच्या ओटीच्या दाराखालची फरशी एकदा ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसून पाहा. दार जिथून फिरते तिथे चंद्रकोरीसारखा हिरवट पट्टा फडक्यावर उतरेल, आणि तो पट्टा म्हणजे दर पावसाळ्यात तुमच्याच दाराने दळलेला रंग असतो. असे दार बिजागरीतून काढून आधी खालची कड ओली करून रंधून घेतली पाहिजे. कठडा मात्र माझ्या मते खरवडूच नये. तो अख्खा उतरवून नवा करावा. इतके नक्षीचे गज खरवडण्यात जी धूळ होईल, तिच्या तुलनेत नव्या लाकडाचा खर्च मला कमी वाटतो.

आता बंदिस्तीबद्दल. आपल्या घरांत भिंती बहुधा कौलांपर्यंत जात नाहीत. भिंतीच्या माथ्यावर वाशांखाली हातभर मोकळी जागा असते आणि ओटीवरची धूळ त्या वाटेने माळ्यावर आणि तिथून माजघरात उतरते. दार लावून घेतले म्हणजे खोली बंद झाली, असे इथे होत नाही. म्हणून जाड, सुमारे १५० मायक्रॉनचे नवे प्लॅस्टिक तुळईपासून खाली सोडून ही जागा आधी बंद करावी. ये-जा करण्याच्या दारावर प्लॅस्टिकचे दोन पडदे एकाआड एक लावावेत. पावसाळ्यात पडवीला बांधलेली ताडपत्री वापरू नये, तिला भोके असतात. बाहेर भिंतीपासून किमान तीन मीटर प्लॅस्टिक अंथरून त्याच्या कडा फळ्यांवर गुंडाळाव्यात, म्हणजे पापुद्रे आणि पाणी खळ्यात ओघळणार नाही.

सारवलेल्या खळ्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. फरशी पुसता येते, पण शेणाने सारवलेली जमीन पुसता येत नाही. पडलेला कण तिच्यात बसतो आणि पुढच्या सारवणात गाडला जातो. तुमच्या रंगाऱ्याने खरवडले तेव्हा जिथे पापुद्रे पडले, तिथली वरची माती खरवडून काढणे आणि नवी माती चोपून पुन्हा सारवणे याला पर्याय दिसत नाही.

वाऱ्याचे वेळापत्रकही पाळावे. जानेवारीत पहाटेचा मतलई वारा पडल्यावर आणि खारा वारा सुटण्यापूर्वी जे दोन-तीन तास हवा स्तब्ध असते, त्यातच बाहेरचे खरवडणे करावे. तुमचे घर पश्चिमेला तोंड करून असेल तर दुपारी सगळी धूळ समोरून थेट आत येईल. खरवडताना पृष्ठभाग सतत ओला ठेवायचा आहे, पण त्यासाठी आंब्यावर फवारणी करण्याचा पंप घेऊ नका, त्यात औषधाचा अंश असतो. साधी नवी फवारणीची बाटली पुरते. स्विचबोर्डाजवळ पाणी वापरण्याआधी मेन स्विच बंद करावा.

कौलारू (१५ नोव्हेंबर, सकाळी ८:२०)

धागा वाचला. कोणाला दुखावण्याचा हेतू नाही, पण मनात आलेली शंका विचारतो. आमच्या तीन पिढ्या अशाच रंगाच्या घरात वाढल्या. आजोबा नव्वदीपर्यंत जगले. कोणाला पोटदुखी नाही, चक्कर नाही. मग ही धास्ती नव्या तपासण्यांमुळे वाढली आहे, असे तर नाही ना?

आडनाडी (१५ नोव्हेंबर, दुपारी २:०५)

मी बालरोगतज्ज्ञ आहे. कौलारू यांची शंका मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळते आणि ती विचारणे योग्यच आहे. अल्प प्रमाणातील शिशाने मूल आजारी दिसत नाही. ते खेळते, जेवते, शाळेत जाते. परिणाम होतो तो शिकण्यावर, लक्ष एकाग्र होण्यावर आणि वागण्यावर. तुमच्या पिढीत कोण किती पुढे गेले असते आणि गेले नाही, हे मोजण्याचे साधन घरच्या माणसांपाशी नसते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना रक्तातील शिशाची कोणतीही पातळी निर्धोक मानत नाही.

कठड्याचा उल्लेख वाचून मला एक जुनी गोष्ट आठवली. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांत उष्ण आणि दमट आहे आणि तिथल्या लाकडी घरांनाही आपल्यासारख्या पडव्या असतात. तिथल्या ब्रिस्बेन शहरातील लॉकहार्ट गिब्सन या नेत्रतज्ज्ञांनी १९०४ मध्ये लिहिले की मुलांना होणाऱ्या शिशाच्या विषबाधेचे मूळ पडवीच्या रंगवलेल्या कठड्यांत आणि खोल्यांच्या भिंतींत आहे. उन्हाने रंगाची भुकटी होते, ती मुलांच्या हाताला लागते आणि हात तोंडात जातात. ही गोष्ट कळून शंभराहून अधिक वर्षे झाली. अमेरिकेने घरगुती रंगातील शिशावर १९७८ मध्ये बंदी आणली. आपल्याकडे ९० भागांची मर्यादा घालणारा नियम १ नोव्हेंबर २०१६ रोजी अधिसूचित झाला आणि वर्षभराने लागू झाला. त्यामुळे परदेशी माहितीपत्रकांत १९७८ पूर्वीच्या घरांना जपा असे लिहिलेले असले, तरी आपण २०१७ पर्यंतचा प्रत्येक ऑइलपेंट तपासणी होईपर्यंत संशयास्पदच धरला पाहिजे.

मुलीविषयी. अमेरिकेत ३.५ हा आकडा ओलांडला की मुलाकडे लक्ष दिले जाते, आणि शरीरातून शिसे बाहेर काढणाऱ्या औषधांचा विचार साधारण ४५ च्या पुढे होतो. ९.४ वर औषध नको असते, शिशाचा उगम दूर करणे हवे असते. रक्तातील शिसे उतरण्याचा वेग महिन्यांत मोजावा लागतो, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी. तिच्या शरीरात लोहाची आणि कॅल्शियमची कमतरता नसेल, हे पाहावे, कारण या दोन्हींची कमतरता असली की आतडी शिसे अधिक शोषून घेतात. रिकाम्या पोटीही तसेच होते. नाचणीचे सत्त्व, भाकरी, ताजी मासळी, पालेभाज्या हे आपले नेहमीचे अन्न उत्तम आहे. मात्र अमुक खाल्ल्याने शिसे धुऊन निघते, असे कोणी सांगितले तर त्यावर विसंबू नये.

काम चालू असताना गरोदर स्त्री आणि सहा वर्षांखालील मूल घरात मुळीच असू नये. एका खोलीत बसवून ठेवणे पुरेसे नाही. शिसे हाडांत वर्षानुवर्षे साठून राहते आणि गरोदरपणात कॅल्शियमबरोबर तेही रक्तात उतरून बाळापर्यंत पोहोचते. म्हणून आज घरात बाळ नसले, तरी उद्या आई होणाऱ्या मुलींनाही या धुळीपासून दूरच ठेवावे.

माजघर (१५ नोव्हेंबर, रात्री १०:३०)

आमच्या सासरच्या घरी वेळासजवळ गेल्या वर्षी हेच काम झाले. पुरुषांनी प्लॅस्टिक आणि पंप पाहिला, पण घरातली हलवाहलव आम्ही दोघी जावांनी केली, म्हणून तेवढ्यापुरते लिहिते.

कपडे, अंथरुणे, गोधड्या, पडदे, चटया आणि मुलांची खेळणी आधी हलवावीत, कारण कापडात बसलेली धूळ निघता निघत नाही. जे हलवता येत नाही, म्हणजे झोपाळा, मोठी कपाटे, तांदळाची कणगी, ते पूर्ण गुंडाळून चिकटपट्टीने बंद करावे. आम्ही झोपाळ्याच्या कड्या झाकायला विसरलो आणि कामानंतर दोन महिने त्या कड्यांच्या वेढ्यांतून करडी धूळ निघत होती. स्वयंपाकघर कामाच्या खोलीला लागून असेल तर चूल बंदच ठेवावी आणि जेवण शेजारून आणावे. उघडे पाणी कुठेही राहू देऊ नये. हंडे पालथे घालावेत आणि विहिरीवर प्लॅस्टिक ताणून बांधावे. रहाटाचा दोर काढून ठेवावा, नाहीतर त्यावर बसलेली धूळ पुढच्या पहिल्या कळशीबरोबर पाण्यात जाते.

ओटीवरून, तुमच्याकडे पोफळी आहेत म्हणजे जानेवारीत खळ्यात सुपारी वाळत असणार. तिची सोय आधी लावा. आमच्याकडे याच एका कारणासाठी काम पंधरा दिवस लांबले होते. खरवडणे चालू असताना आणि खळे नवे सारवून होईपर्यंत तिथे सुपारी, आमसुले, सुकी मासळी काहीही घालू नये. कोंबड्या मोकळ्या सोडू नयेत. त्या पापुद्रे दाणे समजून टिपतात आणि त्यांची अंडी आपण मुलांनाच देतो.

राखेबद्दल तुम्ही स्वतःच लिहिले आहे, तरी पुन्हा सांगते, कारण आमच्याकडेही तेच घडले होते. लाकूड जळते, शिसे जळत नाही. ते थोडे धुरात जाते आणि उरलेले राखेत राहते. ती राख भांड्यांना आणि माडांना लावणे ताबडतोब थांबवा आणि न्हाणीची चूल ओले फडके फिरवून स्वच्छ करा. तसेच कामाचे, पुसापुशीचे आणि रंगाऱ्याच्या आंघोळीचे पाणी आपल्या सवयीप्रमाणे पाटातून आगरात सोडू नका. आम्ही ते पाणी फडक्यातून गाळून संडासात ओतले आणि फडके कचऱ्याच्या पिशवीत टाकले.

आजींना कुठे ठेवणार, हे आधी ठरवा. वयस्कर माणसे देवाला सोडून घराबाहेर झोपायला तयार होत नाहीत.

ब्रशवाला (१६ नोव्हेंबर, सकाळी ६:५०)

मी बावीस वर्षे रंगकाम करतो. वर सगळ्यांनी चांगले लिहिले, पण घरच्या माणसांच्या यादीत रंगाऱ्याचे नाव मला एकट्या आंघोळीच्या पाण्याबरोबर दिसले. सगळ्यांत जास्त धूळ त्याच्याच अंगावर बसते, म्हणून हे लिहितो.

आम्हाला हे काम ज्यांनी शिकवले, त्यांनी ब्लोलॅम्पच शिकवला. ज्वाळेपुढे रंग फुगतो, पटाशी घातली की सालीसारखा निघतो, म्हणून आम्हाला तो आवडतो. शिशाचा धूर डोळ्यांना दिसत नाही, हे मला पाच वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात कळले. अमेरिकेच्या नियमांत अशा रंगावर उघडी ज्वाळा चालत नाही आणि गरम हवा सोडणारी हीटगनसुद्धा ११०० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे ५९३ अंश सेल्सियसच्या खालीच ठेवावी लागते. धूळ ओढून घेणारे यंत्र नसलेले घासाईचे मशीनही तिथे चालत नाही. मी आता दोन्ही बंद केले आहे. पाणी मारतो, ओल्या रंगावर पत्री चालवतो, आणि उरलेले पाण्याच्या पॉलिशपेपरने घासतो. वेळ दुप्पट लागतो.

म्हणून माझी विनंती आहे की हे काम उक्ते देऊ नका, रोजावर द्या. उक्त्याच्या कामात रंगाऱ्याचे पोट घाईवर असते. तो तुमच्यासमोर पाणी मारेल आणि तुम्ही जेवायला गेलात की कोरडा कागद काढेल. त्यात तो वाईट माणूस असतो असे नाही.

तोंडाला रुमाल बांधणे म्हणजे काहीच न बांधणे. बारीक धुळीसाठी चेहऱ्याला घट्ट बसणारा, बदलण्याजोग्या फिल्टरचा मुखवटा हवा आणि दाढी असेल तर तोही नीट बसत नाही. कामाच्या जागी विडी, तंबाखू, चहा बंद. तंबाखू मळणारा माणूस हातावरचे शिसे सरळ ओठांत ठेवतो. कामाचे कपडे तिथेच उतरवून, तोंड-हात साबणाने धुऊन, आंघोळ करून मग घरी जायचे आणि ते कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. मी अनेक वर्षे तसाच घरी जाऊन धाकट्याला कडेवर घेत होतो. तो माझ्या खांद्यावरच झोपायचा. हे आठवले की आजही मन खाते. ज्यांच्या घरी न्हाणी बाहेरच्या बाजूला आहे, त्यांनी ती कामाच्या दिवसांत रंगाऱ्याला द्यावी. एवढे केले तरी खूप आहे.

खिडक्यांच्या लोखंडी गजांबद्दल एक खुलासा करतो. दुकानात मिळणारा तांबूस रेड ऑक्साइड प्राइमर म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड, त्याचा रंग विटेसारखा असतो. जुन्या गजांच्या तळाशी जो झळझळीत शेंदरी थर निघतो, तो शिशाचा असू शकतो. पारंपरिक शेंदूर हा शिशाचाच ऑक्साइड आहे आणि खाऱ्या हवेत लोखंड गंजू नये म्हणून तो मुद्दाम लावत. नुसत्या डोळ्यांनी खात्री होत नाही, तपासून घ्यावे. रंगावर घासून पाहायच्या तपासणी-काडीचा रंग शिसे असले की गुलाबी-लाल होतो, त्यामुळे मुळात लाल असलेल्या थरावर ती काडी फसवते. तिथे प्रयोगशाळेतच तुकडा पाठवावा.

रापण (१६ नोव्हेंबर, रात्री ८:१५)

विषय रंगाचा आहे, तरी किनाऱ्यावर शिसे एकाच वाटेने घरात येत नाही, म्हणून लिहितो. आमच्याकडे जाळ्याच्या खालच्या दोराला शिशाचे मणी असतात. ते पूर्वी घरीच, परसात, जुन्या पातेल्यात वितळवून ओतत. शिसे ३२७ अंशांना वितळते, साध्या चुलीवरसुद्धा सहज पातळ होते. रंग काढून झाल्यावरही मुलांच्या रक्तातले शिसे उतरत नसेल, तर जाळी कुठे विणली जातात आणि ते पातेले सध्या कशासाठी वापरात आहे, हेही पाहावे.

ओटीवरून (२० फेब्रुवारी, रात्री ९:३५)

उशिरा लिहीत आहे, कारण काम पूर्ण झाल्याशिवाय लिहायचे नाही, असे ठरवले होते. सर्वांचे मनापासून आभार. काय झाले आणि काय राहिले, ते सांगतो.

आई घर सोडायला तयार नव्हती. माजघर यांनी म्हटले तसेच झाले. शेवटी देव ताम्हणात घेऊन शेजारी चुलतभावाच्या देवघरात नेले आणि मग ती देवांच्या मागोमाग आपणहून गेली. तेरा दिवस तिकडेच राहिली. सुपारी त्यांच्याच खळ्यात वाळवली. कठडा खारेवारे यांच्या सल्ल्याप्रमाणे ओला करून, प्लॅस्टिकवर उतरवून, अख्खाच काढला. दारे आणि खिडक्यांची झडपे बिजागरीतून काढून बाहेर प्लॅस्टिकवर, सकाळी सात ते साडेनऊ एवढ्याच वेळात खरवडली. ओटीच्या दाराखाली ओले फडके फिरवले तेव्हा चंद्रकोर खरोखरच उमटली. मी साठ वर्षे त्या दारातून ये-जा करतो आहे आणि लहानपणी त्याच जागेवर बसून अभ्यास केला आहे.

प्लॅस्टिक लावायला तीन दिवस गेले. माळ्यावरची फट बंद करताना कळले की पन्नास वर्षांची धूळ तिथे आधीपासूनच होती, म्हणून ती ओल्या फडक्यांनी पुसून मगच बंदिस्ती केली. रंगारी रोजावर ठेवला. पहिल्या दिवशी त्याला मुखवटा नकोसा झाला, गुदमरल्यासारखे वाटले. त्याला ब्रशवाला यांचा प्रतिसाद मोबाइलवर वाचायला दिला. त्याचीही मुलगी तीन वर्षांची आहे. त्यानंतर त्याला काही सांगावे लागले नाही, आणि रोज न्हाणीत आंघोळ करूनच तो घरी गेला.

साफसफाईसाठी बारीक धूळ धरणाऱ्या फिल्टरचे व्हॅक्युम यंत्र भाड्याने आणले, कारण साधे यंत्र हीच धूळ मागच्या बाजूने हवेत सोडते. आधी यंत्र, मग साबणाच्या पाण्याचे पुसणे, मग स्वच्छ पाण्याचे पुसणे आणि पुन्हा यंत्र, असे तीन वेळा केले. एका बादलीत साबण, दुसरीत फडका पिळण्याचे पाणी, आणि दोन्ही बादल्या दर खोलीला बदलल्या. खळ्याची दोन बोटे माती काढली, आगरातल्या ज्या दोन आळ्यांत राख टाकली होती तीही उकरली आणि जांभ्याची नवी माती आणून चोपली. सारवणे गेल्या आठवड्यात झाले.

मुलीची दुसरी तपासणी जानेवारीअखेर झाली. आकडा ५.१ वर आला आहे. डॉक्टरांनी मे महिन्यात येथे येण्यापूर्वी आणि परत गेल्यावर अशी दोन वेळा तपासणी सांगितली आहे. रंगाऱ्याचीही तपासणी आमच्या खर्चाने करून घेणार आहोत.

राहिलेली अडचण कचऱ्याची आहे. पापुद्रे, फडकी आणि प्लॅस्टिक दुहेरी जाड पिशव्यांत बांधून झाकणाच्या पिंपात भरले आहेत. रंगाचे डबे आणि असा कचरा घरगुती घातक कचऱ्यात मोडतो आणि घनकचरा नियमांनुसार तो वेगळा द्यायचा असतो, पण आमच्या गावात तो घेण्याची सोय अजून नाही. रत्नागिरी किंवा चिपळूणकडे तो कुठे स्वीकारतात, हे कोणाला खात्रीने माहीत असेल तर कळवावे.

मातीची पोती आणि काढलेला कठडा गोठ्याच्या माळ्यावर, पावसाचे पाणी पोहोचणार नाही असा, कुलपात ठेवला आहे. शिमगा जवळ आला आहे आणि होळीसाठी लाकडे गोळा करणारी मुले रात्री गोठ्यातून फिरतील, हे मला माहीत आहे, कारण त्या वयात आम्हीही फिरलो आहोत. म्हणून त्यांच्यासाठी पाच मोळ्या सुके लाकूड खळ्याच्या कडेला आधीच काढून ठेवले आहे, आणि कठड्याच्या प्रत्येक तुकड्यावर खडूने मोठ्या अक्षरांत "विषारी रंग, जाळू नये" असे लिहिले आहे.